चेंडू, कुदळ आणि साक्ष

बास्केटबॉलच्या सामन्यात मध्यंतर झालं की खेळाडू पाणी पितात, घाम पुसतात आणि प्रशिक्षकाची बोलणी खातात. १९५२ च्या उन्हाळ्यात तैवानला गेलेल्या एका अमेरिकन संघाचं मध्यंतर मात्र वेगळं असायचं. खेळाडू मैदानातच उभे राहून गाणं म्हणायचे. मग त्यांच्यातला एखादा पुढे होऊन आपल्या आयुष्यात येशू कसा आला ते सांगायचा, दुभाषा ते चिनीत सांगायचा, आणि त्यानंतर उरलेला सामना सुरू व्हायचा. संघाचं नाव ‘व्हेंचर फॉर व्हिक्टरी’. इंडियानातल्या टेलर विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डॉन ओडल यांनी तो बांधला होता. तीनच वर्षांपूर्वी चँग कै-शेक यांचं सरकार आणि सैन्य चीन सोडून या बेटावर आलं होतं. छावणीतल्या कंटाळलेल्या सैनिकांना चांगला सामना फुकट बघायला मिळत होता. मधलं प्रवचन ही त्याची किंमत म्हणा हवं तर.

उन्हाळ्याची सुट्टी, तरुण पोरं, परका देश, थोडा खेळ, थोडा धर्म. हा साचा तेव्हापासून टिकला, आणि पुढे त्यात सेवा मिसळली. आज अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये हायस्कूलच्या मुलांना आठ-दहा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’ला पाठवणं हा जवळजवळ वार्षिक रिवाज झाला आहे. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे एनएसएसचं शिबिर. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर ज्यांनी केलं आहे, त्यांना फार समजावून सांगायला नको. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ, रात्री गाणी, शेवटच्या दिवशी सरपंचांचं भाषण आणि निरोप घेताना डोळ्यांत पाणी. यातलं गाव दुसऱ्या देशात न्या, बौद्धिकाच्या जागी बायबल ठेवा आणि प्रत्येक मुलामागे विमानाचं तिकीट जोडा.

तिकिटाचे पैसे जमवणं हाही संस्कारच मानला जातो. मुलं नातेवाइकांना आणि मंडळीतल्या लोकांना पत्रं लिहितात, चर्चच्या आवारात गाड्या धुतात, घरी केलेले केक विकतात. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट छापले जातात. मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक ही त्यातल्या त्यात जवळची ठिकाणं. पोचल्यावर सकाळी काम: शाळेची भिंत रंगवायची, पाया खणायचा, सिमेंट कालवायचं. ऊन कललं की फुटबॉल. पन्नास-साठ पोरं गोळा होतात, त्यांचे वयानुसार गट पडतात, पास देणं-घेणं शिकवून होतं, छोटे सामने होतात. पाणी प्यायला सगळे सावलीत बसले की पाहुण्यांपैकी कुणीतरी गोष्ट सांगतो किंवा साक्ष देतो. ‘साक्ष’ हा इथला खास शब्द. देव मला कसा भेटला, हे स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची.

काही गटांकडे पाच रंगांचा चेंडू असतो, आणि तो शोभेसाठी नसतो. १८६६ साली लंडनचे गाजलेले प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांनी एका प्रवचनात बिनशब्दांच्या पुस्तकाची कल्पना सांगितली होती. काळं पान पापाचं, लाल पान ख्रिस्ताच्या रक्ताचं, पांढरं पान शुद्ध झालेल्या मनाचं. पुढे त्यात स्वर्गाचा सोनेरी आणि वाढीचा हिरवा रंग आला. तेच पुस्तक आता चेंडूवर चढलं आहे. स्पॅनिशचे चार शब्द येत नसलेला सोळा वर्षांचा मुलगा चेंडू फिरवत एकेक रंग दाखवतो आणि तारणाची सगळी गोष्ट सांगून मोकळा होतो. काळा रंग म्हणजे पाप, हे सावळ्या मुलांच्या घोळक्यात बसून सांगणं काहींना खटकलं, म्हणून काही संस्था आता ‘काळं पान’ न म्हणता ‘गडद पान’ म्हणतात. रंग तोच राहिला.

खेळच का, याचं उत्तर व्यवहारातलं आहे. सोळा वर्षांच्या मुलाला गवंडीकाम येत नाही, नळजोडणी येत नाही, परकी भाषा येत नाही. चेंडू मात्र खेळता येतो. शिवाय मध्य अमेरिकेत फुटबॉलच्या बाबतीत तिथली अनवाणी पोरं या बुटातल्या पाहुण्यांना सहज लोळवू शकतात. मला या सबंध सहलीत हा तास सगळ्यात खरा वाटतो. सकाळी एक जण देणारा आणि दुसरा घेणारा असतो. संध्याकाळी गोल खाल्ला की ही उतरंड मोडते. सेवेत जे साधत नाही ते खेळात आपोआप साधतं, आणि अनेकदा आयोजकांनाच त्याचा पत्ता नसतो, कारण त्यांच्या लेखी खेळ हा साक्षीला गर्दी जमवण्याचा मार्ग असतो.

धर्म आणि व्यायाम यांची सांगड आपल्याला नवी नाही. तालमीत मारुती असतोच आणि जोर काढण्याआधी त्याच्या पाया पडलं जातं. ख्रिस्ती जगात मात्र ही सांगड भांडणतंट्याशिवाय जुळली नाही. संत पौलाने आपल्या पत्रांत धावण्याच्या शर्यतीच्या उपमा दिल्या असल्या, तरी इंग्लंडमधल्या कडव्या प्युरिटन लोकांना रविवारचा खेळ म्हणजे सैतानाचा उद्योग वाटायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वारं फिरलं. १८५७ मध्ये टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ ही कादंबरी आली आणि त्याच सुमाराला ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हा शब्दही रुळला. दंड-मांड्या मजबूत असलेला, मैदानावर नियम पाळणारा मुलगाच चांगला ख्रिस्ती होतो, अशी ही धारणा होती.

ती अमेरिकेत उचलली वायएमसीएने. कापडदुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने १८४४ साली लंडनमध्ये ही संस्था काढली होती, ती तरुण कामगारांच्या प्रार्थनेसाठी. अमेरिकेत तिच्या इमारतींमध्ये व्यायामशाळा आल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला तिचं प्रशिक्षण विद्यालय होतं. तिथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि हिवाळ्यात घरात कोंडलेल्या १८ दांडग्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल दिला. नेस्मिथ धर्मशास्त्राचा पदवीधर होता. चार वर्षांनी जवळच्याच होलिओकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. आपल्या कुठल्याही झेडपीच्या शाळेपुढे व्हॉलीबॉलची जाळी दिसते, तिचं मूळ हे. आणि त्याच १८९५ साली वायएमसीएच्या माणसांनी बास्केटबॉल चीनमध्ये तिआनजिनला नेला. म्हणजे १९५२ मध्ये ओडल यांचा संघ तैवानला पोचला, तेव्हा समोरच्या सैनिकांना खेळ समजावून सांगावा लागला नाही. मिशनच्याच माणसांनी तो अर्ध्या शतकाआधी पेरून ठेवला होता.

पण खेळ, सेवा आणि मिशन या तिन्हींचा एकत्र प्रयोग बघायचा तर अमेरिकेत नव्हे, श्रीनगरला जावं लागेल. सेसिल टिंडेल-बिस्को हा केंब्रिजचा बुटका पाद्री १८९० मध्ये तिथल्या मिशन शाळेत आला. केंब्रिजच्या विजेत्या नौकेचा तो सुकाणूवाला होता. १८९१ च्या शरद ऋतूत त्याने मुंबईहून येताना फुटबॉल आणला. शाळेतली मुलं बहुतेक पंडितांची. चेंडू चामड्याचा आहे कळताच त्यांनी हात वर केले. बिस्कोने त्यांना मैदानावर नेलं, शिक्षकांच्या हातात काठ्या दिल्या आणि त्यांना कडेने उभं केलं. पायघोळ फिरन घातलेली मुलं कशीबशी लाथा मारू लागली. एवढ्यात चेंडू एकाच्या तोंडावर आपटला. बाटला! रडारड झाली. बिस्कोने त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं आणि खेळ पुन्हा सुरू केला.

ही गोष्ट मिशनच्या साहित्यात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यातल्या काठ्या जास्त दिसतात. बिस्को हा साम्राज्याचा माणूस होता, काश्मिऱ्यांना भित्रे समजायचा आणि ते लपवतही नसे. तेराव्या वर्षापर्यंत पोहायला न शिकलेल्या मुलाची फी वाढवणं ही त्याची तऱ्हा. तरी पुढचं नाकारता येत नाही. त्याची मुलं लाकडी घरांच्या श्रीनगरात आग लागली की पंप घेऊन धावत. पूर आला की वल्ही मारत जाऊन माणसं काढत. पटकीच्या साथीत, ज्या कामाला त्यांचे आईवडील शिवलेही नसते, ते गल्ल्या झाडण्याचं काम करत. आजारी माणसांना नावेतून तळ्यावर फिरवून आणत. वल्हवायला ती शिकली होती शर्यतीसाठी, पण वल्ह्यांचा उपयोग पुरात झाला. खेळातलं कसब सेवेत असं थेट उतरल्याची दुसरी उदाहरणं फार नाहीत. आणि धर्मांतरं? फारच थोडी. मिशनच्या हिशेबात ही शाळा तोट्यात होती. बिस्को १९४७ पर्यंत काश्मीरमध्ये राहिला. शाळा आजही आहे.

दुसरं नाव एरिक लिडेलचं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी फेऱ्या आहेत म्हणून त्याने १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण ४७.६ सेकंदांत जिंकलं, हे ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. चित्रपट तिथे थांबतो. लिडेलचा जन्म तिआनजिनचा, मिशनऱ्याच्या घरातला. १९२५ मध्ये तो तिकडे परत गेला आणि शाळेत विज्ञान व खेळ शिकवू लागला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी चीनमधल्या परदेशी लोकांना वेइश्येनच्या छावणीत डांबलं, त्यात तोही होता. छावणीत आईवडिलांपासून तुटलेली शेकडो मुलं होती. लिडेल त्यांचे सामने भरवायचा, मोडक्या हॉकी स्टिक बांधून द्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही, कारण तो प्रभूचा दिवस. एका रविवारी पंच नसल्याने मुलांची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहिला. ऑलिंपिकसाठी मोडला नाही तो नेम त्याने पोरांच्या हॉकीसाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो तिथेच गेला.

बिस्को आणि लिडेल यांना परतीचं तिकीट नव्हतं. आजच्या सहलीला ते असतं, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

या सहली किती मोठ्या प्रमाणावर होतात? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून अंदाज काढला की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन चर्च-सदस्य अशा कामासाठी परदेशी जातात. एवढी माणसं, एवढे पैसे. मग पदरात काय पडतं? हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांपेक्षा चर्चच्या आतल्यांनीच जास्त धारदारपणे विचारला आहे. कॅल्विन कॉलेजचे कर्ट व्हर बीक होंडुरासमध्ये राहून काम करत. १९९८ च्या मिच चक्रीवादळात तिथली हजारो घरं वाहून गेली आणि उत्तर अमेरिकेतून घरं बांधायला तरुणांचे जथे आले. व्हर बीक यांनी पाहुण्यांनी बांधलेली घरं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेली घरं अशा दोन्हीकडच्या कुटुंबांना गाठलं. घर २ हजार डॉलरच्या आसपास, आणि एका जथ्याच्या येण्याजाण्याचा खर्च ३० हजारांच्या घरात. घर कुणी बांधलं यामुळे कुटुंबांच्या आयुष्यात काही फरक पडलेला आढळला नाही. तुम्ही येण्यापेक्षा तेवढ्या पैशांत आणखी घरं बांधली असती तर बरं, असं अनेकांनी पाहुणचाराची रीत सांभाळून सांगितलं. त्याहून बोचरा निष्कर्ष पाहुण्यांबद्दलचा होता. ‘या सहलीने माझं आयुष्य बदललं’ असं म्हणणाऱ्यांचं नंतरचं दान आणि वागणं तपासलं, तर फारसं बदललेलं नव्हतं.

इव्हान इलिच तर याच्या कितीतरी आधी, एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाकात अशाच सेवाभावी अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर उभे राहून म्हणाले होते, की या, बघा, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. इलिच स्वतः कॅथलिक पाद्री होते. त्यांचं सगळं मला पटत नाही. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतून परतलेल्या मुलांनी तिथे किती घनफूट माती उपसली यावर त्या छावणीची किंमत कुणी ठरवत नाही. पण छावणीचं नावच बघा: श्रमाचा संस्कार. तो येणाऱ्यावर होतो, हे उघड कबूल केलेलं आहे. मिशन ट्रिपची अडचण ही की ती शिकायला जाते आणि द्यायला आलो असं सांगते.

आपल्याकडे यात आणखी एक धार आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. त्याआधी १९५४ साली, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधनं झाली आहेत, असा ठपका तिच्या १९५६ च्या अहवालात होता. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून फेटाळला. हा वाद अजून मिटलेला नाही. परदेशी माणसाला पर्यटक व्हिसावर इथे धर्मप्रचार करता येत नाही, त्यामुळे टी-शर्ट घातलेला जथा भारतात येऊन उघडपणे साक्ष देऊ शकत नाही. मग फुटबॉल हे आमिष ठरतं का? माझं मत असं, की चेंडूबरोबर काय येणार आहे हे आईबापांना आधी आणि त्यांच्या भाषेत सांगितलं असेल, गोष्ट न ऐकणाऱ्या पोरालाही खेळायला मिळत असेल, तर नाही. चेंडू पुढे करून बायबल पाठीमागे लपवलं असेल, तर हो. दहा वर्षांच्या मुलाला हे ओळखता येत नाही, म्हणून ती जबाबदारी मोठ्यांची.

आता आपल्याच मुंबईतलं एक उदाहरण, नागपाड्याचं. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनचं नाव आपल्याला अहमदनगरमुळे आणि रेव्हरंड टिळकांमुळे माहीत असतं. याच मिशनने १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या शिकागोत शिकलेल्या तरुण पाद्र्याकडे नागपाड्यात केंद्र उभं करण्याचं काम दिलं. कामाठीपुऱ्याला लागून असलेली, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ वस्ती. मॅन्शार्टने प्रवचनापेक्षा वस्तीचे प्रश्न हाती घेतले. ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’मध्ये वर्ग भरले, दवाखाना आला, आणि खेळ आले. काम करताना त्याच्या लक्षात आलं की सेवा करायलाही शिकलेली माणसं लागतात, नुसती चांगली माणसं पुरत नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टला त्याने हे पटवलं आणि १९३६ मध्ये त्याच जागेत समाजकार्याची शाळा सुरू झाली. पहिला संचालक मॅन्शार्ट. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, टिस, झाली. शाळेला ज्यांचं नाव होतं त्या दोराबजींनी १९२० मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरचे धावपटू हेरून अँटवर्प ऑलिंपिकला धाडले होते, आणि ऑलिंपिक चळवळ देशात रुजवताना त्यांच्या मदतीला वायएमसीएचे नोरेन होते.

टिस आधी अंधेरीला आणि मग देवनारला गेली. बास्केटबॉल नागपाड्यातच राहिला. दाटीवाटीच्या त्या वस्तीतल्या मुलांना बच्चू खान यांनी तो वर्षानुवर्षं शिकवला. तिथूनच अब्बास मुंतसिर घडले, भारताचे कर्णधार झाले, अर्जुन पुरस्कार घेऊन आले. बच्चू खान कुठल्या मिशनचे नव्हते आणि कुठून आलेलेही नव्हते. नागपाड्यातल्या महापालिकेच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे.